अयान: हे नाव 'ऐन'ने लिहायचं की 'अलिफ'ने?

सलाम. मुलाचं अभिनंदन आणि त्याच्या अम्मीलाही मुबारकबाद.

तुम्ही लिहिलंय ते मी आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे उत्तर कशाचं देतेय ते आपल्या दोघांनाही स्पष्ट राहील. मुलगा चिपळूणला झाला, तुम्ही कुवेतला नोकरीला आहात आणि वर्ष-दीड वर्षात दोघांना तिकडे न्यायचा विचार आहे. घरात सगळ्यांना 'अयान' हे नाव आवडलंय. इंटरनेटवर त्याचा अर्थ 'अल्लाहची देणगी' दिलाय आणि नाव कुरआनात आहे असंही लिहिलंय. पण मुलाचे मामू मदरशात शिकवतात. त्यांनी सांगितलं की अरबीत याचा अर्थ 'कधी?' असा होतो, पोराचं नाव 'कधी' कोण ठेवतं? घरात नाराजी झाली. वर चुलत भावाने ऐकवलं की आता वर्गात हाक मारली तर दोन-तीन अयान उठून उभे राहतात. अकीका, म्हणजे बाळाच्या जन्मानंतरचा कुर्बानीचा आणि नाव ठेवण्याचा विधी, पुढच्या आठवड्यात आहे.

मी अठ्ठावीस वर्षं अरबी शिकवतेय, त्याआधी काही वर्षं कतारमध्ये, दोह्यात भाषांतराचं काम केलं. नावांचे अर्थ विचारायला माझ्याकडे आईवडील नेहमी येतात आणि गेल्या काही वर्षांत सर्वांत जास्त विचारलं गेलेलं नाव 'अयान'च आहे. एक आधीच सांगते, मी भाषेची शिक्षिका आहे, मुफ्ती नाही. शब्दाचा अर्थ मी सांगेन. नाव ठेवणं शरीयतीच्या दृष्टीने योग्य की नाही, ते मामूंसारख्या जाणकारांना विचारा.

तुमच्या घरात भांडण अर्थावरून चाललंय, पण खरा घोळ लिपीचा आहे. 'अयान' हे देवनागरीत लिहिलेलं नाव अरबीत एक शब्द नसून किमान तीन वेगवेगळे शब्द असू शकतात. आपल्या कानाला आणि लिपीला त्यांतला फरक कळत नाही.

हे समजायला मराठीतलेच शब्द घेऊ. अर्ज, अक्कल, इमारत हे तिन्ही शब्द अरबीतून आपल्याकडे आले आणि अरबीत ते 'ऐन' या अक्षराने सुरू होतात. अव्वल, अस्सल, अमीर हेही अरबीच, पण ते 'अलिफ'ने सुरू होतात. 'ऐन'चा उच्चार घशाच्या तळातून येतो आणि अरबाच्या कानाला ही दोन अक्षरं आपल्या 'क' आणि 'ग' इतकी वेगळी वाटतात. मराठीने दोघांनाही सरळ 'अ' किंवा 'इ' करून टाकलं. त्यामुळे 'अयान' ऐकल्यावर सुरुवातीला कोणतं अक्षर आहे हे विचारल्याशिवाय अर्थ सांगताच येत नाही. माझ्याकडे कोणी आलं की मी पहिल्यांदा कागद पुढे करते आणि म्हणते, अरबीत लिहून दाखवा. दहातले आठ जण म्हणतात, तेवढं अजून ठरवलेलं नाही. म्हणजे अर्थ अजून ठरायचाच असतो.

आता एकेक शब्द बघू.

पहिला 'अलिफ'चा. अलिफ, ये, अलिफ, नून, आणि त्यातल्या 'ये'वर जोर, म्हणजे उच्चार 'अय्यान'. हा प्रश्नार्थक शब्द आहे, अर्थ 'कधी?', 'कोणत्या वेळी?'. कुरआनात हा शब्द सहा ठिकाणी येतो: सूरह अल्-आराफ १८७, अन्-नह्ल २१, अन्-नम्ल ६५, अज्-जारियात १२, अल्-कियामा ६ आणि अन्-नाजियात ४२. सहाही ठिकाणी विषय एकच, कयामतीचा दिवस आणि मेलेल्यांचं पुन्हा उठणं. 'अय्यान मुर्साहा', ती घडी कधी येऊन ठेपणार, असं लोक विचारतात. म्हणजे इंटरनेटवरचं 'कुरआनात आहे' हे वाक्य खोटं नाही, पण अर्धंच आहे. शब्द आहे, नाव म्हणून नाही. मामूंनी जे सांगितलं ते या शब्दाबद्दल शंभर टक्के बरोबर आहे.

दुसरा शब्द 'ऐन'चा. ऐन, ये, अलिफ, नून. याचा मूळ धातू म्हणजे खुद्द 'ऐन', अर्थ डोळा. अरबीत याचा उच्चार 'इयान' होतो आणि अर्थ होतो प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहणं. अरबी वर्तमानपत्रांत प्रत्यक्षदर्शी साक्षीदाराला 'शाहिद इयान' म्हणतात, हा रोजच्या वापरातला शब्द आहे. एक जुनी अरबी म्हणही आहे, 'लैसल खबरु कल्-इयान', म्हणजे बातमी ऐकणं आणि डोळ्यांनी पाहणं सारखं नसतं. हाच शब्द फारसीत आणि उर्दूत गेला तेव्हा त्याचा उच्चार 'अयान' झाला आणि अर्थ झाला उघड, स्पष्ट, समोर दिसणारं. उर्दू गझला ऐकणाऱ्यांना 'अयाँ' शब्द ओळखीचा असतो, तो हाच. माझ्या मते आपल्याकडच्या 'अयान' या नावाला सर्वांत जवळचा आणि सर्वांत सुंदर अर्थ हाच आहे.

याच 'ऐन'शी आपलं मराठीत रोजचं नातं आहे. 'ऐन वेळी', 'ऐन दुपारी', 'ऐन तारुण्यात' म्हणतो त्यातला 'ऐन' तो हाच अरबी शब्द. अरबीत 'ऐन'चे अर्थ खूप पसरलेले आहेत. डोळा, पाण्याचा झरा, एखाद्या गोष्टीचा गाभा, 'नेमकं तेच'. आपण त्यातला 'नेमकं' घेतला. जुन्या महसुली कागदांत 'ऐनजिनसी' वसूल येतो, म्हणजे पैशांऐवजी प्रत्यक्ष धान्याच्या रूपात. तिथेही 'प्रत्यक्ष' हीच छटा आहे. (भिंतीवरचा 'ऐना' मात्र यातला नाही. तो फारसी 'आईना'वरून आलाय, दिसतो सारखा एवढंच.)

तिसरा शब्द त्याच कुळातला. अलिफ, ऐन, ये, अलिफ, नून. उच्चार 'अअ्यान', आपल्या तोंडी 'आयान' किंवा 'अयान'च होणार. हे 'ऐन'चं अनेकवचन आहे आणि अर्थ आहे समाजातली मान्यवर मंडळी, ज्यांच्याकडे डोळे वळतात असे लोक. जॉर्डनच्या संसदेच्या वरिष्ठ सभागृहाचं नावच 'मजलिस अल्-अअ्यान' आहे.

मग 'अल्लाहची देणगी' कुठून आलं? अरबी शब्द कोशात धातूवरून शोधायचा असतो, म्हणून मी दोन्ही धातू पडताळून पाहिलेत. 'अलिफ'च्या बाजूला वेळ, 'कुठे', 'आता' अशा अर्थांचे शब्द सापडतात, 'ऐन'च्या बाजूला डोळा आणि त्याची सगळी वंशावळ. देणगी कुठेच नाही. आणि साधा विचार केला तरी 'अल्लाहची' हा भाग या नावातल्या कोणत्या अक्षरात बसलाय? अरबीला जेव्हा हे म्हणायचं असतं तेव्हा ती सरळ म्हणते: हिबतुल्लाह, अताउल्लाह. नावांच्या संकेतस्थळांवर एकाने लिहिलेला अर्थ दुसरा जसाच्या तसा उचलतो. मी सात-आठ ठिकाणी अगदी शब्दशः तेच वाक्य वाचलंय. दहा ठिकाणी छापलं म्हणजे दहा पुरावे झाले असं मानू नका.

गुंता वाढवणारी आणखी एक गोष्ट. सोमाली भाषेत 'अयान' हा स्वतंत्र शब्द आहे, अर्थ नशीब, भाग्य, आणि तिथे ते मुलींचं नाव आहे. आपल्याकडे संस्कृत 'अयन' आहे, उत्तरायण-दक्षिणायनातला, अर्थ मार्ग, गती. 'अयन' किंवा 'अयान' नावाची हिंदू मुलंही तुम्हाला भेटतील आणि त्यांच्या नावाचा अरबीशी काही संबंध नसेल. म्हणजे एका वर्गातले दोन अयान हे दोन वेगळ्या नावांचे असू शकतात.

इथपर्यंतचं एकदा जुळवून घेऊ. मामूंचा 'कधी' खरा, पण तो 'अलिफ'च्या, जोर देऊन म्हणायच्या 'अय्यान'चा. तुम्हाला आवडलेला 'अयान' ऐनने लिहिला तर 'उघड, डोळ्यांसमोर असलेला', आणि आधी अलिफ लावून लिहिला तर 'मान्यवर'. देणगीचा अर्थ सोडून द्या.

आता लोकप्रियतेचं. 'भारतातली पहिली दहा मुस्लिम नावं' अशा ज्या याद्या फिरतात त्यांना काही आधार नाही. आपल्याकडे जन्मनोंदणी होते, पण कोणतं नाव किती बाळांना ठेवलं याची दरवर्षीची सरकारी यादी प्रसिद्ध होत नाही. त्या याद्या म्हणजे त्या त्या संकेतस्थळावर लोकांनी काय शोधलं, एवढंच. इंग्लंड आणि वेल्समध्ये अशी यादी जन्मनोंदणीवरून दरवर्षी निघते. तिथे २०२३ साली मुलांमध्ये 'मुहम्मद' पहिलं आलं, ४,६६१ बाळं. त्या यादीत प्रत्येक स्पेलिंग वेगळं नाव म्हणून मोजतात, आणि याच नावाची आणखी दोन स्पेलिंगं पहिल्या शंभरात होती. 'अयान'ची तर रोमन लिपीत मी चार रूपं पाहिली आहेत. त्यामुळे खरा आकडा असता तरी तो तुकड्यांत विखुरलेला दिसला असता.

आकड्यांऐवजी माझ्या वर्गाची हजेरी सांगते. मी शिकवायला लागले तेव्हा पटावर अब्दुल्ला, इब्राहिम, हसन, दाऊद, कासम अशी आजोबांकडून आलेली नावं होती. मग इम्रान, इरफान, सलमान, फरहान आले. नंतर रेहान, अरमान, रय्यान, अयान, झायान. ऐकताना लक्षात येईल की शेवटचा 'आन' धरून पुढची नावं जुळवली जातायत. पण या 'आन'ची घराणी वेगवेगळी आहेत. फरहान आणि रय्यान एका साच्यातले, आनंदाने किंवा पाण्याने भरलेला, अशी भरलेपणाची अवस्था दाखवणारे. इरफान म्हणजे ओळख, ज्ञान. इम्रान हे फार जुनं नाव, हजरत मरियमच्या वडिलांचं. रेहान म्हणजे सुवासिक वनस्पती, कुरआनातही आलेली. ज्याचं बी आपण सरबतात सब्जा म्हणून घालतो त्या झाडालाही अरब रेहानच म्हणतात. अरमान तर अरबी नाहीच, फारसीतून आलेला. आईवडिलांना ध्वनी आवडतो, नाव ठरतं आणि अर्थ मागाहून शोधला जातो. असं झालं की अर्थ सांगणाऱ्यावरही गोडच अर्थ सांगायचा दबाव येतो, आणि 'देणगी'सारखे अर्थ तिथेच जन्माला येतात असं मला वाटतं.

अरब देशांत हे नाव लोकप्रिय आहे का? दोह्यात माझ्या ओळखीत अनेक रय्यान होते. ते कतारमधल्या एका मोठ्या शहराचंही नाव आहे. अयान नावाचा अरब मुलगा मला एकही भेटला नाही, जे भेटले ते भारत-पाकिस्तान-बांगलादेशातल्या घरांतले. त्यात कमीपणा काही नाही. फक्त कुवेतचे शेजारी 'अरे वा, आमचं नाव' म्हणतील असं समजू नका. ते नावाचा अर्थ विचारतील.

आणि इथेच तुमची परिस्थिती इतरांपेक्षा वेगळी ठरते. तुम्ही महाराष्ट्रातच राहणार असता तर मी म्हटलं असतं, ऐनने लिहा, अर्थ 'उघड, स्पष्ट' सांगा, विषय संपला. पण मुलगा कुवेतला जाणार. त्याच्या बताक्यावर, म्हणजे तिथल्या सरकारी ओळखपत्रावर, नाव अरबीत येणार आणि रोज तेच वाचलं जाणार. इजिप्शियन बोलीत 'अय्यान', ऐनने आणि 'ये'वर जोर देऊन, म्हणजे आजारी. 'अना अय्यान' म्हणजे 'माझी तब्येत बरी नाही'. अरबीत जोराची खूण आणि स्वर सहसा लिहीत नाहीत, त्यामुळे ऐन, ये, अलिफ, नून असं नुसतं लिहिलेलं नाव इजिप्तचा माणूस सहज तसं वाचू शकतो. आखातातल्या शाळांत आणि दवाखान्यांत इजिप्शियन शिक्षक, डॉक्टर, कारकून भरपूर असतात. दोह्यात एका भारतीय आईने मला सांगितलं होतं की दवाखान्यात नाव पुकारताना प्रत्येक वेळी परिचारिका हसायची, आणि कारण कळायला तिला दोन वर्षं लागली. मूल सहा-सात वर्षांचं झालं की त्यालाही ते कळतं. मला ही गोष्ट क्षुल्लक वाटत नाही.

दुसरा धोका असा की तुम्ही काहीच सांगितलं नाही तर कारकून रोमन लिपीतल्या पासपोर्टावरून अंदाजाने अरबी लिहितो. तो बहुधा अलिफने लिहिणार, म्हणजे मामूंचा 'कधी' बताक्यावर येणार.

म्हणून नाव 'अयान'च ठेवायचं ठरलं, तर तुमच्यासाठी माझा सल्ला तिसऱ्या रूपाचा आहे. अलिफ, ऐन, ये, अलिफ, नून. अरबाला ते एका नजरेत वाचता येतं, आजाराशी किंवा प्रश्नाशी गल्लत होत नाही, अर्थ चांगला आहे. अनेकवचन आहे, त्यामुळे एखादा अरब 'एकट्या मुलाचं नाव मंडळी कसं?' असं विचारेल. पण अनवार, अनमार अशी अनेकवचनी नावं अरबांतही चालतात. घरात आणि चिपळूणला हाक 'अयान'च राहील.

कागदांबाबत एक-दोन गोष्टी. जन्माची नोंद २१ दिवसांत व्हायला हवी, पण नाव त्याच वेळी घालायलाच हवं असं नाही. नोंद करून ठेवा. नाव १२ महिन्यांपर्यंत शुल्काशिवाय घालता येतं, त्यानंतरही विलंबशुल्क भरून १५ वर्षांपर्यंत. तेव्हा अकीक्याच्या घाईत दाखल्यावर काहीतरी लिहून टाकू नका. रोमन स्पेलिंग एकच ठरवा आणि जन्मदाखला, आधार, पासपोर्ट या तिन्हींवर अक्षर न् अक्षर तेच ठेवा. एक 'ए' कमी-जास्त झाल्यामुळे व्हिसाच्या वेळी प्रतिज्ञापत्रं करत फिरणारी माणसं मी खूप पाहिली आहेत.

नाव बदलायला मन तयार असेल तर दोन नावं सुचवते. 'देणगी' हाच अर्थ हवा असेल तर 'इयास' पाहा. ध्वनी अयानच्या जवळ आहे, आणि हे खरोखर देणं, भरपाई या अर्थाच्या धातूतून आलेलं जुनं अरबी नाव आहे. बसऱ्याचे काझी इयास बिन मुआविया इतके तल्लख होते की 'इयासपेक्षा हुशार' हा अरबीत वाक्प्रचारच झाला. याच्यातही एक अडचण आहे, निराशा या अर्थाचा अरबी शब्द ध्वनीला जवळचा असल्यामुळे कधीतरी खुलासा करावा लागेल. दुसरं 'रय्यान', म्हणजे तहान पूर्ण भागलेला. जन्नतीच्या ज्या दरवाजातून रोजा ठेवणारे आत जातील त्याचं नाव हदीसमध्ये, म्हणजे प्रेषितांच्या वचनांत, 'रय्यान' आलंय. हे नाव आखातात कोणालाही समजावून सांगावं लागणार नाही. मात्र तुमच्या चुलत भावाची तक्रार, वर्गात दोन-तीन, ती इथेही राहील. आणि खरं सांगू का, त्या तक्रारीला मी फार महत्त्व देत नाही. एका गावात दहा इब्राहिम होते तेव्हा लोक वडिलांच्या किंवा वाडीच्या नावाने ओळखत होते आणि कोणाचं काही अडलं नाही.

अर्थाचा इतका हट्ट धरावा का, असंही तुम्ही विचारलंय. सहाबांची, म्हणजे प्रेषितांच्या सोबत्यांची, नावं बघा. हंजला म्हणजे कडू वृंदावन, तल्हा म्हणजे बाभळीच्या जातीचं काटेरी झाड. आज लोक ती नावं आदराने ठेवतात, ती ज्यांची होती त्या माणसांमुळे. पण वाईट अर्थाचं नाव प्रेषित (सल्ल.) बदलायला सांगत हेही खरं. 'आसिया', अवज्ञा करणारी, ऐन आणि स्वाद या अक्षरांचं, हे नाव बदलून त्यांनी 'जमीला' ठेवलं. (फिरऔन म्हणजे इजिप्तचा फॅरो, त्याच्या पत्नीचं 'आसिया' वेगळ्या अक्षरांचं आहे, ते चांगलं नाव आहे. इथेही पुन्हा अक्षराचाच प्रश्न.) एकाचं नाव 'हज्न' होतं, खडबडीत जमीन. त्यांना 'सह्ल', म्हणजे सपाट, सोपं, हे नाव सुचवलं. त्यांनी वडिलांनी ठेवलेलं नाव बदलायला नकार दिला. त्यांचे नातू, मदिनेचे प्रसिद्ध विद्वान सईद बिन मुसय्यब, सांगत की तेव्हापासून आमच्या घराण्यात तो खडबडीतपणा राहिला. 'अयान' या नावाच्या तीनही रूपांत वाईट अर्थाचं एकही नाही. 'कधी' हे विचित्र आहे, वाईट नाही. म्हणून घाबरून जाऊ नका, आणि मुलाच्या अम्मीलाही हे आवर्जून सांगा.

आज रात्री मामूंना फोन लावा. त्यांना म्हणा, तुम्ही सांगितलेला अर्थ बरोबर होता, आम्हीच अक्षर सांगायला विसरलो. मग तिन्ही रूपं अरबीत कागदावर लिहून त्याचा फोटो पाठवा आणि अकीक्याच्या दिवशी बाळाचं नाव त्यांनाच त्यांच्या हाताने लिहायला सांगा. 'ऐन' सुंदर काढायला मदरशातल्या माणसाइतका चांगला हात दुसरा मिळणार नाही, आणि पुढे कुवेतला बताका काढताना कारकुनापुढे ठेवायला तोच कागद उपयोगी पडेल.